वजनाचा काटा, शब्दांचा काटा

आपली मराठी भाषा श्रीमंत आहे, असे आपण वर्गात ऐकतो आणि परीक्षेत लिहितो. ही श्रीमंती प्रत्यक्ष पाहायची असेल, तर माणसे दुसऱ्याच्या शरीराविषयी कशी बोलतात ते ऐकावे! बारीक असेल तो काडी पैलवान, हडकुळा, पाप्याचे पितर. जाड असेल तो ढोल्या, ढब्बू, भोपळा. उंच असेल तर ताडमाड, ठेंगणा असेल तर टिंगू. एकही देह आपण नावे ठेवल्यावाचून सोडलेला नाही. 'मध्यम बांधा' हा सरळ शब्द आपल्याजवळ आहे. पण तो भेटतो वधूवरांच्या जाहिरातीत, नाही तर बेपत्ता व्यक्तींच्या वर्णनात!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीचा जन्म भातशेतीत गेला. ऐन पावसाळ्यात कणगीचा तळ दिसू लागे, ते दिवस तिने काढले आहेत. त्यामुळे आजोळी आलेल्या नातीला ती 'जाडी झालीस गं' म्हणते, तेव्हा ते कौतुक असते. 'वाळलीस' म्हणते, तेव्हा तिच्या पोटात कालवलेले असते. तोच 'जाडी' शब्द एस.टी.त बसून माणगावला कॉलेजात आला की शिवी होतो. अंतर तेवढे एका तिकिटाचे! जिथे भूक पाहिली आहे, तिथे अंगावरचे मांस ही पुंजी असते; जिथे भूक विसरली आहे, तिथे तोच दोष ठरतो. मग दोष शरीराचा की पाहणाऱ्याचा?

उमादेवी या गायिकेने १९४७ साली 'दर्द' या चित्रपटातील गाण्याने देशभर नाव मिळवले. पुढे विनोदी भूमिका करताना त्या 'टुणटुण' झाल्या. आज त्यांचा गळा फार थोड्यांना आठवतो; ते नाव मात्र जाड मुलींना चिकटवण्यासाठी शिल्लक राहिले.

'चेष्टाच ती, मनावर काय घ्यायचे?' असे कोणी म्हणेल. आमच्या एका मैत्रिणीने गॅदरिंगच्या नाटकातून नाव काढून घेतले. तिचे पाठांतर चोख होते. पण प्रेक्षकांतून टोपणनावाचा पुकारा होईल, ही धास्ती होती. दुसरी एक दुपारचा डबा न उघडताच घरी नेते, कारण 'मुलगी जरा अंगाने आहे' म्हणून आलेले स्थळ परत गेले. मुलाच्या पोटाचा घेर मात्र त्या बैठकीत कोणी मोजला नव्हता! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात एखादी मुलगी एका शब्दापायी उपाशी राहते, याला चेष्टा म्हणावे काय?

याचा अर्थ वजनाकडे पाहूच नये असा नाही. त्याच सर्वेक्षणात सुमारे पाचांतील एक स्त्री कृश, तर जवळजवळ चारांतील एक जादा वजनाची आढळली. दोन्हींची काळजी घ्यायला हवी. पण ते काम डॉक्टरांचे आहे, एस.टी. स्टँडवरच्या टोळक्याचे नव्हे. काटा वजन सांगतो, लायकी सांगत नाही.

वजन आखाड्यातही मोजतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात लढले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन गेले. तिथे वजन मोजले ते जोडीला जोड मिळावी म्हणून, कुणाला हिणवण्यासाठी नव्हे. आपल्या कट्ट्यावर मात्र अशा अंगकाठीला आपण काय म्हटले असते?

मित्रमैत्रिणींनो, शब्द फुकट मिळतात म्हणून ते स्वस्त नसतात. गुरुजनांनाही नम्र विनंती आहे : वर्गात एखाद्याच्या अंगावरून हशा पिकला, तर त्यात आपले हसू मिसळू नये. ज्याला हाक मारायची, त्याला आईबापांनी नाव ठेवलेले आहे. तेवढे पुरेसे आहे.