ऐकू येतं, पण कळत नाही

चौल नाक्यावर रिक्षावाला "साठ" म्हणाला की मला "सात" ऐकू येतं. सात रुपयांत इथे कुणी कुठेच सोडत नाही, एवढं ठाऊक असल्यामुळे निभावून जातं.

ऑफिसात निभावलं नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये लीड "फिफ्टीन सेकंद" म्हणाला, मी "फिफ्टी" ऐकलं आणि मान डोलावली. कोड तसाच पुढे गेला. टीम दोन दिवस चूक शोधत होती, आणि मी "तेव्हा नेट खराब होतं" म्हणून सुटलो. ते खोटं होतं.

माझ्या दोन्ही कानांची श्रवणशक्ती साधारण 55 डेसिबलने कमी झाली आहे. स्वर ऐकू येतात. स, त, फ अशी व्यंजनं गळतात. म्हणून माझ्यावर ओरडून उपयोग नाही. मशीन लावली की मांडव्याच्या बोटीचं इंजिनही कानात शिरतं. समोर येऊन, ओठ दिसतील असं, जरा सावकाश बोललात तर पुष्कळ कळतं.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 नुसार दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे दोष असेल तरच दिव्यांगत्व धरतात. म्हणजे मी कागदोपत्री धडधाकट. ही रेघ मला पटत नाही. पण मीटिंगचे निर्णय लेखी मागायला प्रमाणपत्र लागत नाही, तरी ते मागायला मी सहा वर्षं लावली.

कारण घरात होतं. अम्मी म्हणायची, "लग्न ठरेपर्यंत मशीन लावू नकोस, लोक काय म्हणतील?" चष्म्याबद्दल ती असं कधी बोलली नाही. मी मुलगा, म्हणून थोडक्यात सुटलो. ओळखीतल्या एका मुलीचे कान तपासलेच नाहीत, कारण तपासले तर स्थळांना कळेल. वर्गात तिला सगळे "मठ्ठ" म्हणायचे. याला मी लाज म्हणणार नाही, हा त्या मुलीवर अन्याय आहे.

वांद्र्याला 1983 पासून कान आणि वाचादोषांसाठी केंद्र सरकारची संस्था आहे. अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. चौलहून बोटीने गेलं तर एका दिवसात जाऊन येता येतं. घरात कुणी टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर एक दिवस काढा.

आता मीटिंग संपली की लीड निर्णय चॅटवर टाकतो. इंग्रजीत कॅप्शन बरे उमटतात. मंडळी मराठी-हिंदीवर आली की स्क्रीनवर काहीच्या काही येतं. मग मी हात वर करतो.