मुक्या जिवांची शुश्रूषा : दयेला शास्त्राची जोड



मुंबईच्या इतिहासात १८३२ हे वर्ष एका वेगळ्याच दंग्यासाठी नोंदले गेले आहे. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने काढला आणि हुकमाची अंमलबजावणी पारशी बांधवांच्या पवित्र दिवशीही चालू राहिली. लोक संतापले, दुकाने बंद झाली, कोटातील गोऱ्या वस्तीची रसद अडली आणि अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. पारशांच्या बरोबरीने हिंदू आणि जैन व्यापारीही त्या निषेधात उतरले होते. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने ‘लागा’ बसवून तिच्या खर्चाची तरतूद केली. आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला या हकिकतीतील ही तरतूद विशेष मोलाची वाटते. दया ही केवळ भावना न राहता तिच्या नावे खाते उघडले गेले, ते असे.

परंतु निवारा आणि चारा मिळाला म्हणून रोग टळत नाही. उलट जेथे करुणेपोटी अनेक प्राणी एकत्र आणले जातात, तेथेच साथ सर्वाधिक वेगाने पसरते. या उणिवेची भरपाई व्हायला आणखी अर्धशतक जावे लागले. परळ येथे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय झाले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दयेला शास्त्राची जोड मिळाली ती तेव्हा.

आज हा विषय घेण्यास एक कारण घडले. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील कन्येस पशुवैद्यकीय सहायकाचे शिक्षण घ्यावयाचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा, की या कामात गोचिडी माराव्या लागतील, जंतांवर औषधे द्यावी लागतील, मग आपल्या आचाराचे काय? ‘काका, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून तिने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. उत्तर देण्यापूर्वी मी संबंधित पुस्तके वाचली, दोन पशुवैद्यांशी बोललो. जे समजले ते तिच्यासारख्या सर्व विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्या अंगणात एखादे कुत्रे वा मांजर आहे अशा सर्व घरांसाठी येथे मांडतो.

सहायकाचे पहिले काम म्हणजे पाहणे आणि लिहून ठेवणे. औषधाची पाळी त्यानंतर येते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या मानाने तो ‘तापलेला’च वाटतो. हे ठाऊक नसल्याने अनेक घरांत निष्कारण घबराट होते. श्वास मिनिटाला दहा ते तीस, हिरड्यांचा रंग गुलाबी. हिरडी फिकट, पिवळी किंवा निळसर दिसली तर तो धोक्याचा इशारा होय. कालच्या नोंदीशी आजची नोंद ताडून पाहिली, की बोलता न येणारा रोगीही बरेच काही सांगून जातो.

आता प्रमुख रोगांकडे वळू. कुत्र्याच्या पिल्लांचा सर्वांत मोठा वैरी ‘पार्व्हो’. हा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम आढळला आणि अल्पावधीत जगभर पसरला. पिल्लू खाणे सोडते, सतत ओकते, नंतर दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने ते दोन-तीन दिवसांत दगावू शकते. विषाणूवर थेट औषध नाही. शिरेवाटे पाणी आणि क्षार देऊन त्याला तगवावे लागते, आणि रात्रभर जागून ती सलाइन सांभाळणारा सहायक हाच त्याचा खरा आधार असतो. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो व साध्या साबणाने जात नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ते दहा मिनिटे ठेवावे लागते. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले, तेथे लगेच दुसरे लस न दिलेले पिल्लू आणणे म्हणजे त्यालाही त्याच संकटात लोटणे होय.

दुसरा ‘डिस्टेंपर’. माणसाच्या गोवराच्या विषाणूचा हा नातलग. डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव, खोकला, जुलाब, आणि पुढे मेंदूवर परिणाम होऊन स्नायूंना सतत झटके. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिसरात वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांतील काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला होता. गावातल्या कुत्र्याचा रोग वनराजालाही सोडत नाही.

तिसरा ‘लेप्टो’. उंदराच्या मूत्रातून पसरणारा हा जिवाणू साचलेल्या पाण्यात जगतो, कुत्र्याच्या यकृतावर व मूत्रपिंडावर घाला घालतो आणि माणसालाही होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा कटू अनुभव घेतला आहे. अशा कुत्र्याचे मूत्र साफ करताना हातमोजे आणि बूट आवश्यकच.

या तिन्ही रोगांवर लस उपलब्ध आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की प्रारंभ करावयाचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा देत सोळा आठवड्यांपर्यंत न्यावयाचे. ‘एकदा दिली ना, मग पुन्हा कशाला?’ असे पुष्कळ जण विचारतात. कारण असे, की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला राखते, पण तीच लसीला निष्प्रभही करते. ती कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. मधला हप्ता चुकला तर आधीचे हप्ते बऱ्याच अंशी वाया जातात, हे बँकेच्या ग्राहकांना वेगळे समजावून सांगावयास नको.

सोलापूरच्या उष्ण हवेत गोचिडी फार. त्यांच्या चाव्यातून ‘एर्लिकिया’ आणि ‘बबेसिया’ हे रक्ताचे रोग होतात. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त. वेळीच रक्ततपासणी झाली तर उपचाराने प्राणी बरा होतो. आमचा उन्हाळाही एक रोगच समजावा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा उपाय. भर दुपारी गच्चीवर बांधलेला कुत्रा धापा टाकत कोसळला, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

मांजरांकडे आपले दुर्लक्ष अधिक होते. मांजर दुखणे लपवते. पार्व्होच्याच कुळातील विषाणू पिल्लांना जुलाब-उलट्यांनी नेतो, तर दुसऱ्या विषाणूंमुळे शिंका, डोळ्यांना चिपडे व तोंडात व्रण येतात. बोका वारंवार लघवीला बसतो, जोर करतो, पण थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याला बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो दोन-तीन दिवसांत दगावतो. आणि ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ते पचवण्याची यंत्रणाच त्याच्या यकृतात अपुरी असते. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

आहाराविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी नष्ट करतो. आपल्या अनेक घरांत तो नसतोच, हे त्यांच्या पथ्यावरच पडते. मात्र सोलापूर-सांगली भागात घरोघरी असलेला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. तो प्रेमाने भरवू नये. कुत्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने आखलेल्या संतुलित शाकाहारावर राहू शकतो. मांजराचे तसे नाही. ‘टॉरिन’ नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे बनत नाही आणि ते वनस्पतीत मिळत नाही. केवळ दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचे हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, दृष्टी जाते. तेव्हा मांजर पाळण्याची हौस असणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा विचार आधी करावा. आपले व्रत आपण पाळावे, पण त्याचा भार न बोलणाऱ्या जिवाच्या डोळ्यांवर आणि हृदयावर पडू देऊ नये. त्याच्या गरजेइतके अन्न देणे आपल्या घरात बसत नसेल, तर मांजर न पाळणे हाही करुणेचाच निर्णय आहे.

आता त्या कन्येचा प्रश्न. तत्त्वाचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही, तो त्यागीजनांचा. तथापि आपल्या शास्त्रकारांनीच संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा यांत भेद केलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. मी केवळ हिशेब मांडतो. गोचिडीची एक मादी हजारो अंडी घालते. भिंतीच्या भेगा वेळीच बुजवल्या, अंथरूण उन्हात घातले, गवत कापले आणि प्रतिबंधक औषध नियमाने लावले, तर त्या हजारोंची उत्पत्तीच होत नाही. जंतांचेही तसेच. ते पिल्लाला आईकडूनच मिळतात, आणि त्याच्या विष्ठेतील अंडी अंगणात खेळणाऱ्या बालकाच्या पोटात जातात. दोन आठवड्यांच्या वयापासून वेळेवर औषध दिले तर ही साखळी तुटते. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी काळजी घेणे, पाणी गाळून घेणे, अन्न झाकून ठेवणे, ही तर आपल्या घरातील जुनीच शिकवण. आळसामुळे घडणारी हिंसा ही दक्षतेत घडणाऱ्या हिंसेहून कितीतरी मोठी असते. म्हणून मी त्या कुटुंबास सांगितले, की मुलीला अवश्य पाठवावे. ज्याला प्रत्येक लहान जिवाचे भान आहे, तोच हे काम यतनेने करील.

शेवटी सर्वांत गंभीर विषय, रेबीज. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, प्राण्यालाही आणि माणसालाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे याने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत बालकांचे प्रमाण मोठे आहे. स्वभावात अचानक बदल, आवाज घोगरा होणे, लाळ गळणे, खालचा जबडा लोंबणे, ही लक्षणे दिसताच त्या प्राण्याच्या तोंडात ‘काही अडकले का’ म्हणून हात घालू नये. विद्यार्थ्यांकडून हे धाडस फार वेळा घडते. प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा संशयित कुत्र्याला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवण्याची तरतूद आहे. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने स्वतः प्रतिबंधक लस आधीच घ्यावी.

चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल, हळद यांपैकी काहीही लावू नये. नंतर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ गेला. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता शासकीय रुग्णालयांत त्वचेत देण्याची लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेभोवती ‘इम्युनोग्लोब्युलिन’ही द्यावे लागते, ते आवर्जून विचारावे. घरच्या पिल्लाचा दात लागला तरी हेच करावे, आणि मार बसेल या भीतीने मूल चावा लपवणार नाही असे वातावरण घरात असावे. चावलेले कुत्रे वा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण तेवढे दिवस पाहून मग लस घेऊ, असे मात्र करू नये.

जून १८८५ पर्यंत या रोगापुढे सारे जग हतबल होते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लसीची पहिली मात्रा जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या बालकाला दिली गेली आणि तो वाचला. आज ती लस आपल्या गावातील रुग्णालयात आहे, आणि कुत्र्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे.

तेव्हा आजच एक काम करावे. घरातील प्राण्याचे लसीचे कार्ड काढून पुढील मात्रेची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. प्राणी पाळला नसेल, तर गल्लीतील ज्या कुत्र्याला आपण रोज पोळी घालतो त्याची रेबीजची लस झाली आहे काय, याची चौकशी करावी. झाली नसेल तर चार घरांनी मिळून खर्च वाटून घ्यावा. मोतीशहांच्या काळच्या व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवला होता. आपल्या वाट्याला येणारी रक्कम त्यामानाने फारच अल्प आहे.