दुसऱ्याचं कुलूप, जादूगाराची किल्ली

'जादू म्हणजे जादू, तिला तराजूत कसली घालता?' डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात मंत्रांचे नियम समतोल हवेत म्हटलं की एक गृहस्थ हटकून हे वाक्य तोंडावर फेकतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जादूगार बलाढ्यच असायचा, समतोल हे हिशेबनिसांचं खूळ, आणि काही बिनसलंच तर खेळ चालवणारा डंजन मास्टर आहेच निस्तरायला.

'नॉक' हा मंत्र घ्या. कुलूप लावलेलं दार उघडणारा, दुसऱ्या पातळीचा. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीच्या पुस्तकात जादूगाराला तो स्वतःच्या तिसऱ्या लेव्हलला मिळतो. त्याच लेव्हलच्या चोराची कुलूप उघडण्याची मूळ शक्यता ३३ टक्के. एकदा फसला की पुढच्या लेव्हलपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. जादूगाराला मात्र साध्या कुलपासाठी फासासुद्धा टाकावा लागत नाही. 'पण मंत्र दिवसाला मोजकेच असतात!' असतात ना. मग २००३ ची साडेतीनवी आवृत्ती उघडा: नॉकची स्क्रोल १५० सुवर्णनाण्यांना, ५० वेळा चालणारी कांडी ४,५०० ला. आता टेबलाकडे बघा. चोर झालेली मुलगी हत्यारं काढते, फासा हातात घेते, आणि समोरून आवाज येतो, 'राहू दे, मी नॉक टाकतो.' पुढचे तीन तास ती मोबाइल बघत बसते. चोर म्हणून तिने जे कमावलं, ते एका ओळीच्या मंत्राने काढून घेतलं. आयत्या बिळात नागोबा बसवायचा आणि त्याला जादूचा महिमा म्हणायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

डंजन मास्टर निस्तरेल म्हणणं म्हणजे नियम लिहिणाऱ्याच्या आळसाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं. आणि तराजू बाहेरून आणलेला नाही: वापरलेला मंत्र डोक्यातून पुसला जातो ही कल्पना लेखक जॅक व्हान्सच्या कथांतून आली आणि १९७४ च्या मूळ खेळापासूनच ती जादूगाराला लगाम घालत आली.

यावर २००८ च्या चौथ्या आवृत्तीचं भूत नाचवलं जातं. सगळ्या पात्रांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्या, समतोलाने खेळ बेचव केला, वगैरे. साचा एक असणं आणि वजन एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही तेव्हाही घसा फोडून सांगत होतो.

मग हवं काय? मंत्राची किंमत खेळातच वसूल व्हावी. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नॉक ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. पहारेकरी जागे होतात, म्हणून चोराचा हलका हात पुन्हा मोलाचा ठरतो. एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच धरता येतो, हाही त्याच आवृत्तीचा शहाणपणा. आगीचा गोळा फेकणारा फायरबॉल मात्र आठ फाशांचाच राहू द्या, डंजन मास्टरच्या पुस्तकातल्या तक्त्यात त्याच्या पातळीच्या मंत्राला सहाच दिलेले असले तरी. तो कोणाचं काम हिरावत नाही, आणि २० फुटांच्या त्रिज्येत आपलीच माणसं असली तर तीही भाजतात.