संस्कार म्हणजे गुणांतर

'संस्कार' हा शब्द आपण वैद्य दोन अर्थांनी वापरतो. घरी नामकरण, अन्नप्राशन, चूडाकर्म हे संस्कार. रसशाळेत शोधन, मर्दन, भावना, पुट हेही संस्कारच. चरकाचार्यांनी विमानस्थानात संस्काराचा अर्थ द्रव्यात नवे गुण उत्पन्न करणे असा सांगितला आहे. सात भावनांच्या जागी तीन देऊन वेष्टनावर सात छापल्याने औषधात गुण येत नाही, हे औषधनिर्मात्यांस सांगावयास नको. धार्मिक संस्कारासही हीच कसोटी लागू पडते, असे आमचे मत आहे.

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे बालकाचे जावळ तुळजापुरास भवानीमातेच्या चरणी अर्पण करतात. मामाच्या मांडीवर बसून रडणाऱ्या त्या बालकास विधीचा अर्थ कळत नाही. परंतु मामास, आत्यास, आजीस आपले कर्तव्य कळते. गुणांतर घडते ते सभोवतालच्या माणसांत. विधीचे मर्म आम्हांस येथे दिसते.

सुश्रुताचार्यांनी कर्णवेध सहाव्या किंवा सातव्या महिन्यात सांगितला. त्यात शुभ तिथी व स्वस्तिवाचन आहे. त्याचबरोबर बालकास मांडीवर घेणे, खेळण्याने रमविणे, सूर्यप्रकाशात वेधस्थान पाहणे आणि चुकीच्या वेधाचे उपद्रवही आहेत. मुहूर्त आणि दक्षता त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत.

आज सुवर्णप्राशनाचे काय झाले आहे? पुष्य नक्षत्राच्या दिवशी फलक लागतो, रांग लागते, दोन थेंब जिभेवर पडतात आणि बालक पुढे सरकते. काश्यपसंहितेतील लेहनविधीत एक महिना व सहा महिने अशा सेवनाचे फळ सांगितले आहे. महिन्यातून एका दिवसाचे नव्हे. आमच्याही दवाखान्यात काही वर्षे अशीच रांग होती. एकदा ज्वर असलेले पाच महिन्यांचे बालक घेऊन आलेल्या मातेने विचारले, "पुष्य चुकणार नाही ना?" तिला नक्षत्राची चिंता होती, ज्वराची नव्हती. ही समजूत आम्हीच रुजविली, याची त्या दिवशी लाज वाटली.

एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असे आधुनिक बालरोगशास्त्र सांगते. मधातील जंतुबीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. परंपरेचा अवमान होईल म्हणून हा इशारा दडविणे वैद्यास शोभत नाही. आम्ही या वयातील बालकांना मधयुक्त थेंब देणे थांबविले आहे.

व्यवसायबंधूंना आमची विनंती आहे, की पुष्याचा दिवस अवश्य ठेवावा. पण त्या दिवशी बालकाचे वजन करावे, ज्वर व अतिसार पाहावा, लसीकरणाची नोंद तपासावी आणि मातेशी स्तन्य व आहाराविषयी बोलावे. औषधनिर्मात्यांनी मात्रेतील सुवर्णभस्माचे प्रमाण व मधाचा अंश वेष्टनावर ठळकपणे छापावा. रांग लहान होईल, उत्पन्नही काहीसे घटेल. परंतु ज्या विधीनंतर बालकाची काळजी अधिक घेतली जाते, त्यालाच संस्कार म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे.