'अनफॉर्च्युनेटली, आय हॅव...'

गतवर्षी हिवाळ्यात आपल्या शाळेची सहल माळव्यात गेली होती. धार व देवास पाहून परतल्यावर नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही इंग्रजीत निबंध लिहावयास सांगितला. वह्या तपासू लागलो तो काय, पानोपानी 'फॉर्च्युनेटली, आय हॅव', 'ॲक्चुअली, आय हॅव' अशीच वाक्ये! जणू क्रियाविशेषणाच्या चोपदाराने ललकारी दिल्यावाचून 'मी' दरबारात पाऊल टाकीतच नाही.

ही रचना मुळात सदोष नाही. तथापि वाक्यारंभी बसविलेले असे क्रियाविशेषण नुसत्या क्रियापदाचे राहत नाही. संपूर्ण विधानाविषयी लिहिणाराचा अभिप्राय ते आधीच सांगून टाकते. म्हणून त्याची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. 'आय हॅव ओन्ली टू रुपीज' म्हणजे माझ्याकडे दोनच रुपये आहेत. 'ओन्ली आय हॅव टू रुपीज' म्हटले की दोन रुपये असणारा मी एकटाच ठरतो! आपण मराठीत 'च' हे एक अक्षर 'दोन'ला जोडावे की 'माझ्याकडे'ला, एवढेच पाहतो. इंग्रजीत तेच काम जागा करते. 'नेव्हर' आरंभी आले, तर पुढचा क्रमही उलटतो : 'नेव्हर हॅव आय हॅड सच अ फ्रेंड'. 'नेव्हर आय हॅव हॅड' असे लिहिणे चूक होय.

असे का, याचे उत्तर धारला आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेथील भोजशाळा–कमाल मौला मशिदीच्या वास्तूत सर्पाकृती वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला व प्रत्यय कोरलेले आहेत. व्याकरण दगडावर कोरलेले पाहून तुम्हांला हसू आले होते. संस्कृतात शब्दांचे नाते प्रत्यय सांगतात, म्हणून शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ सहसा ढळत नाही. इंग्रजीने बहुतेक प्रत्यय कधीच टाकून दिले. तेव्हा तिचा भार शब्दांच्या क्रमावर आला.

'हॅव'चीही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'मम द्वौ भ्रातरौ स्तः', 'मला दोन भाऊ आहेत', आमच्या घरच्या कोकणीत 'म्हाका दोन भाव आसात' : तिन्ही वाक्यांत कर्ता भाऊ आहेत, 'मी' नव्हे. इंग्रजीत मात्र 'आय' कर्ता होऊन मालकी सांगतो. त्या मालकीच्या आधी अभिप्रायही बसविला, की वस्तूपूर्वी मालकाचा निवाडाच ऐकावा लागतो.

हे आज लिहावयास कारण घडले ते एका वहीमुळे. 'अनफॉर्च्युनेटली, आय हॅव मराठी ॲज माय मीडियम.' व्याकरणाची एकही चूक नाही. तरी आमचा लाल पेनाचा हात थबकला.

आम्हांला देवास आठवले. कुमार गंधर्व 1948 च्या सुमारास तेथे आले, ते क्षयरोगाने ग्रस्त होऊन. गाणे वर्षानुवर्षे बंद पडले. त्या दिवसांतले त्यांच्याविषयीचे कोणतेही वाक्य 'दुर्दैवाने' या शब्दानेच आरंभले गेले असते, आणि ते खोटेही नसते. परंतु त्याच रुग्णशय्येवर माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली, ती पुढे त्यांच्या गायनात उतरली आणि 1992 साली मृत्यू येईपर्यंत देवास हेच त्यांचे घर राहिले. कन्नड मातृभाषेचा हा गायक माळवी, हिंदी व मराठी पदे सारख्याच आत्मीयतेने गाई. रोग हे दुर्दैवच होते. पण त्या रोगाने नेलेले गाव दुर्दैवाचे होते, असे आज कोण म्हणेल?

त्या विद्यार्थ्याला आम्ही उपदेश केला नाही. क्रियाविशेषण झाकून ठेवावे, आपल्याजवळ काय आहे व काय नाही याची दहा साधी वाक्ये लिहावीत आणि मग तो शब्द कोठे शोभतो ते पाहावे, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी वही आली. 'अनफॉर्च्युनेटली' होतेच, पण आता ते निराळ्या वाक्यापुढे होते : 'अनफॉर्च्युनेटली, आय हॅव नो इंग्लिश बुक्स ॲट होम.'

हे दुःख खरे आहे आणि ते दूर करता येण्यासारखे आहे. पहिल्या वाक्यावर मुलाने केवळ खंत केली असती. दुसऱ्यावर आपण काही करू शकतो. आमची पालकांना विनंती आहे की, घरी वाचून झालेली सोपी इंग्रजी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयास द्यावीत. आणि विद्यार्थिमित्रहो, क्रियाविशेषणे अवश्य वापरा. मात्र आधी वस्तुस्थिती नीट पाहा, मग तिच्यापुढे कोणता शब्द ठेवायचा ते ठरवा.