ओरखडा चालेल, बुरशी नको

जुनी लेन्स विकत घेताना बहुतेक लोक नको त्या ऐबाला घाबरतात. समोरच्या काचेवर ओरखडा दिसला की हात मागे घेतात. आत बुरशीचे जाळे असलेली, पण बाहेरून चकचकीत लेन्स मात्र ‘अगदी नव्यासारखी आहे हो’ म्हणत चार पैसे जास्त मोजून घरी आणतात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्याने तरी असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय निघाला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आमच्या शाळेतून दहावी झालेला हा मुलगा चिपळूणकडे लग्नाचे, साखरपुड्याचे फोटो काढतो. त्याच्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेली साधी लेन्स. निकाह बहुधा हॉलमध्ये किंवा मशिदीत, उजेड बेताचा, त्यामुळे त्याला ५० मिमी एफ/१.८ लेन्स हवी होती. नवी घ्यायची तर घरातले पैसे काढावे लागणार, आणि ते बहिणीच्या फीसाठी ठेवलेले. म्हणून जुनी बघायला तो मुंबईला गेला. फोर्टात बोरा बाजारात चक्कर मारली, ओळखीतून आणखी एकाकडे गेला. शेवटी दोन लेन्स हाताशी राहिल्या आणि मला फोन आला, “सर, कोणती घेऊ?”

पहिलीच्या समोरच्या काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा होता. विकणाऱ्याने तो स्वतःच दाखवला आणि किंमतही तशी कमी सांगितली. दुसरी दिसायला नवीकोरी, डबा-पावतीसह, दीड हजाराने महाग. फक्त “आत थोडी धूळ आहे, सगळ्यांतच असते.”

धूळ सगळ्यांत असते हे खरेच आहे. तिची काळजी करू नये. ओरखड्याचीही फारशी का करू नये, ते साध्या हिशेबाने समजते. एफ/१.८ वर ५० मिमी लेन्समधून प्रकाश आत घेणारे भोक सुमारे २८ मिमी रुंद असते. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश तेवढ्या रुंदीतून येतो. समोरच्या काचेवर एक मिलिमीटरचा डाग असेल तर तो त्यातला सुमारे पावणेआठशेवा भाग अडवतो. फोटोत डागाचा आकार उमटत नाही, कारण ती काच फोकसमध्ये नसतेच. पण हीच लेन्स एफ/१६ वर नेली की भोक तीन मिलिमीटरच्या आसपास येते आणि तोच डाग दहावा भाग अडवू शकतो. म्हणजे भर उन्हात, बारीक भोकाने, मोकळ्या आकाशाचे फोटो काढणाऱ्याने या ओरखड्याचा विचार करावा. हॉलमध्ये १.८ किंवा २.८ वर काम करणाऱ्याला खरा त्रास एकच: समोरून हॅलोजन आला तर ओरखड्यावर उजेड विखुरतो आणि फोटो फिकट पडतो. त्यावर हूड लावावा, दोन पावले बाजूला सरकावे.

मागच्या काचेची गोष्ट वेगळी आहे. ती सेन्सरजवळ असते, तिथे प्रकाशाची शलाका अरुंद झालेली असते, आणि लहान डागाचीही सावली फोटोत उतरते. मागच्या काचेवर ओरखडा असेल तर किंमत कितीही उतरवून मिळो, परत करावी.

आता बुरशी. कॅननची ही लेन्स कॅमेऱ्यातून काढली की तिच्या पाकळ्या पूर्ण उघड्या राहतात, त्यामुळे तपासणे सोपे. दोन्ही झाकणे काढायची, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरायचा आणि दुसरीकडून पाहायचे. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. बुरशीला धागे असतात, कोळिष्टकासारखे, आणि ते बहुतेक वेळा कडेकडून सुरू होतात. मुलाने पाहिले. ‘नव्यासारख्या’ लेन्समध्ये कडेला धागे होते.

“फोटोत तर काही दिसत नाही, सर,” तो म्हणाला. आज दिसणार नाही. पण ओरखडा आहे तेवढाच राहतो, बुरशी वाढते. तिच्यातून आम्ल सुटते, ते काचेवरचा लेप खाते आणि पुढे काचही. मग लेन्स उघडून साफ केली तरी खुणा जात नाहीत. इतक्या स्वस्त लेन्सला उघडण्याची मजुरी परवडतही नाही. बुरशी एका लेन्समधून दुसरीला लागते म्हणून काही जण फार घाबरतात, पण तिचे बीजाणू हवेत असतातच. खरा मुद्दा ओलाव्याचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपाटातली चप्पलही पांढरी होते. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवणारे तर बुरशीला दावतच देतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि आतला ओलावा ४० ते ५० टक्के, एवढे पुरते.

मला जास्त खटकली ती ‘थोडी धूळ’ ही भाषा. विकणाऱ्याने टॉर्च मारून पाहिले नसेल असे मानणे कठीण आहे. ओले धान्य ढिगाखाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याला हुजूरांनी (स.) ते वर का ठेवले नाहीस, असे विचारल्याची हदीस आपल्या मुलांना मकतबपासून माहीत असते. फिकहमध्ये लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. बाजारात मात्र ‘पाहून घ्या, नंतर तक्रार नाही’ एवढे म्हटले की सगळे माफ, असा समज आहे. पाहायचे कसे हेच ज्याला माहीत नाही, त्याला हे वाक्य ऐकवण्यात काय इमानदारी?

जुनी वस्तू घ्यावीच कशाला, असे विचारणारेही आहेत. ज्याचे महिन्याला आठ-दहा कार्यक्रम आहेत त्याने नवीच घ्यावी, वॉरंटीसह. लग्न पुन्हा होत नाही. ज्याचे काम अजून महिन्या-दोन महिन्यांनी येते, त्याने बहिणीची फी मोडून नवी लेन्स घ्यावी हे मला पटत नाही.

ओरखड्याची लेन्स घेण्याआधी त्याला दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या. एफ/१६ वर फोटो काढून तो गरजेपेक्षा उजळ येतो का पाहा, येत असेल तर पाकळ्या अडकतात. मग १.८ वर जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस लावून बघ. दोन्ही ठीक निघाले. त्याने लेन्स घेतली आणि एका कागदावर ओरखडा कुठे आहे ते लिहून तो कागद डब्यात ठेवला. पुढेमागे विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला दाखवायला.