सामायिक साठा आणि एक मोकळी जागा

दुर्मीळ नियतकालिके आणि हस्तलिखिते यांच्या संगणकीय प्रतिमा ठेवणाऱ्या संस्थांत निरनिराळे सर्व्हर जाळ्यावरून एकाच सामायिक साठ्याकडे जातात. यांपैकी कोणाला तेथे प्रवेश असावा, हा प्रश्न यंत्रे बसवून देणाऱ्या कंत्राटदाराचा, असा समज रूढ आहे. माझ्या मते तो संपादनाचा प्रश्न आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि अखेरीस, या ग्रंथात कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. बजावण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. आपल्या हाती आहे, आणि ते वापरण्याचा आपण आळस करतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेली 'एनएफएस' ही पद्धत घ्या. लिनक्सवर साठ्याचे दार 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या एका साध्या फाइलीने राखले जाते. आधी फोल्डरचे नाव, मग परवानगी असलेल्या यंत्राचे नाव आणि त्याला चिकटून कंसात हक्क : केवळ वाचन, की लेखनही. आता यंत्राचे नाव आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर काय होते? नाव घेतलेल्या यंत्राला फक्त वाचनाचा हक्क उरतो आणि कंसातला लेखनाचा हक्क त्या साठ्यापर्यंत पोहोचू शकणाऱ्या उरलेल्या प्रत्येक यंत्राला मिळतो! अनुस्वाराने अर्थ फिरल्याची उदाहरणे आपण वर्गात देतो. रिकाम्या जागेने मालक आणि परका यांची अदलाबदल केल्याचे इतके चोख उदाहरण मला व्याकरणात सापडलेले नाही. काही ठिकाणी तर कटकट नको म्हणून यंत्राच्या नावाऐवजी सरळ तारांकनच टाकतात. त्याबद्दल काय बोलावे!

नाव नीट लिहिले तरी काम संपत नाही. एनएफएसची जुनी, अजूनही प्रचारात असलेली रीत समोरच्या यंत्राने सांगितलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते. खरी ओळख पटवायची, तर कर्बेरॉससारखी जोड लागते.

'सॅन' प्रकारच्या साठ्यात धोका निराळा आहे. तेथे सर्व्हरला फाइली दिसत नाहीत, कोरी डिस्कच दिसते. साधी फाइलव्यवस्था असलेली एक डिस्क दोन सर्व्हरांनी एकाच वेळी लिहायला घेतली, तर प्रत्येक जण स्वतःला एकमेव लेखक समजतो आणि दोघे मिळून मजकूर नासवतात. येथे चोर कोणीच नसतो, दोघेही घरचेच. म्हणून स्विचवर 'झोनिंग' आणि साठ्यावर 'मास्किंग' अशी दोन्ही बंधने घालावी लागतात.

वाचकांना प्रतिमा दाखवणाऱ्या सर्व्हरला लेखनाचा हक्क कशासाठी? मूळ प्रतिमा लिहिणारे यंत्र एकच असावे, बाकीच्यांनी वाचावे. ही यादी ग्रंथपालाने आणि त्या संग्रहाच्या अभ्यासकाने ठरवावी, तंत्रज्ञाने ती अमलात आणावी. तंत्रज्ञाला कमी लेखण्याचा हेतू नाही. कोणता संग्रह पुन्हा मिळणार नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आणि यादी दरवर्षी वाचावी. जुना सर्व्हर भंगारात जातो, त्याचा पत्ता मात्र यादीत राहतो. तोच पत्ता उद्या दुसऱ्या यंत्राला मिळाला, की जुने सगळे हक्क त्याला न मागता मिळतात.